मानवशास्त्रात पीएचडी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

२४ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत स्टॅनफर्ड इथल्या एका अभ्यासकेंद्राला कुणीतरी आग लावली. मानवशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास तेव्हा लेखनासाठी तिथे मुक्कामाला होते. १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून त्यांनी टिपणं काढली होती. पुढे अनेक वर्षं त्या टिपणांवर खपून जे साहित्य त्यांनी तयार केलं, त्याच्या तिन्ही प्रती आगीत गेल्या. मूळ टिपणं भारतात होती म्हणून वाचली, पण वर्गवारी करून, जुळवून, विचार करून ठेवलेलं सगळं जळलं. सोल टॅक्स या मानवशास्त्रज्ञाने त्यांना सुचवलं की आता हे गाव आठवणीतून लिहा. श्रीनिवासांनी लिहिलं, १९७६ साली ते पुस्तक आलं आणि भारतात मानवशास्त्र शिकणाऱ्यांना ते आजही वाचावं लागतं.

त्यांना हे जमलं, कारण ते त्या गावात राहिले होते. कुणाची गाय कधी व्याली, कोणत्या दोन भावांचं वाटणीवरून बिनसलं, पाटलाच्या ओसरीवर कोण बसतं आणि कोण अंगणात उभं राहतं, हे सगळं त्यांच्या अंगात मुरलं होतं. मानवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे पीएचडी करायची, म्हणजे एखाद्या जीवनाशी इतकी ओळख करून घ्यायची आणि मग ती ओळख इतरांना तपासता येईल अशा युक्तिवादात मांडायची. प्रवेश परीक्षा, फेलोशिप, विद्यापीठाचं नाव या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. पण हा गाभा समजला नसेल तर त्या सगळ्या मिळूनही माणूस तिसऱ्या वर्षी अडकतो.

आधी विषयाचा पसारा थोडक्यात पाहू. मानवशास्त्राच्या चार शाखा मानल्या जातात: माणसाचं शरीर, उत्क्रांती आणि आनुवंशिकता पाहणारं जैविक मानवशास्त्र, समाज आणि संस्कृती पाहणारं सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र, पुरातत्त्व, आणि भाषाविज्ञान. अमेरिकेत या चारही शाखा बहुधा एकाच विभागात नांदतात. ब्रिटनमध्ये भर सामाजिक मानवशास्त्रावर असतो. भारतात मानवशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग १९२० साली कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला आणि तिथपासून आपल्याकडचे बहुतेक मानवशास्त्र विभाग जैविक आणि सामाजिक अशा दोन्ही बाजू शिकवत आले आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात म्हणूनच या विषयात एमए आणि एमएस्सी दोन्ही करता येतं. पुरातत्त्व आणि भाषाविज्ञान त्याच शहरात डेक्कन कॉलेजात आहे. एका शहरात चारही शाखांचे अभ्यासक भेटणं ही मोठी सोय आहे आणि पुण्यात शिकणाऱ्यांनी तिचा वापर करावा असं मला मनापासून वाटतं. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातही हा विषय आहे.

एक गोष्ट बऱ्याच जणांना फार उशिरा कळते. भारतातलं पुष्कळसं सामाजिक मानवशास्त्र समाजशास्त्र या पाटीखाली चालतं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पाया घट्ट करणारे गो. स. घुर्ये मूळचे मालवणचे. केंब्रिजला त्यांनी डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम केलं होतं. श्रीनिवास हे घुर्यांचे विद्यार्थी. पुढे ते ऑक्सफर्डला गेले आणि परत येऊन १९५९ मध्ये त्यांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विभाग उभारला, तोही समाजशास्त्राचा. त्यामुळे तुम्हाला गावात किंवा वस्तीत राहून काम करायचं असेल, तर विभागाची पाटी पाहून थांबू नका. तिथले प्राध्यापक काय लिहितात ते पाहा. जनुकं, हाडं, पोषण, वाढ असा विषय असेल, तर मात्र मानवशास्त्र विभागच हवा, कारण प्रयोगशाळा तिथेच असते.

पदवीला वेगळा विषय असला तरी बिघडत नाही. वाणिज्य, नर्सिंग, अभियांत्रिकी करून आलेले विद्यार्थी या विषयात चांगलं काम करतात, कारण त्यांना दवाखाना किंवा कारखाना आतून माहीत असतो. यूपीएससीच्या वैकल्पिक विषयासाठी मानवशास्त्र वाचलेल्यांनी मात्र एक लक्षात घ्यावं. त्या तयारीत तुम्ही इतरांनी शोधलेली उत्तरं शिकता. एमएच्या दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न मांडावा लागतो आणि तिथे पाठांतर कामाला येत नाही.

आता नियमांचा भाग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमावलीनुसार पीएचडीचा काळ किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहे. मुदतवाढीची तरतूद आहे, स्त्रियांना ती जास्त मिळते आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजाही आहे. पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत पहिला पेपर १०० गुणांचा आणि विषयाचा पेपर २०० गुणांचा असतो. २०२४ पासून नेटचा निकाल पीएचडी प्रवेशासाठीही धरला जातो. त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं. जेआरएफला वयाची अट ३० वर्षांची आहे. स्त्रियांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट मिळते. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं लागतं.

एका प्राध्यापकाकडे एका वेळी किती पीएचडी विद्यार्थी असावेत यावरही मर्यादा आहे: प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार. म्हणजे तुम्ही नेट उत्तम गुणांनी पास झालात, पण तुमच्या विषयाच्या गाइडकडे जागाच नाही, असं होऊ शकतं. प्रवेशाच्या आधी सहा-आठ महिने त्या प्राध्यापकांशी बोलणं म्हणूनच आवश्यक आहे. त्यात वशिल्याचा काही प्रश्न नाही.

आणि त्यांच्याशी बोलायला जाताना हातात काय असावं? विषय नव्हे, प्रश्न.

हा फरक एका उदाहरणावरून सांगतो. आपल्याकडे सिनॉप्सिसचे, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचे, मथळे बहुतेकदा असे असतात: 'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची सामाजिक-आर्थिक स्थिती: एक अभ्यास'. यात चूक काहीच नाही, पण शोधायचं काय हेही त्यात नाही. तीनशे कुटुंबांत प्रश्नावली भरून घेतली की साक्षरता, उत्पन्न, कर्ज यांचे तक्ते तयार होतात आणि शेवटी शासनाला शिफारशी. हे काम एखादी सर्वेक्षण संस्था दोन महिन्यांत करील. तुमच्या आयुष्यातली पाच वर्षं त्यासाठी का द्यायची?

आता त्याच जगातली एक गोष्ट घ्या: उचल. हंगामाच्या आधी मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा कंत्राटदार, कामगारांना आगाऊ रक्कम देतो. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्या कोयत्यावर असते. ऊस तोडून ती फेडायची, फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. आता विचारा. उचल घेणारी माणसं तिला काय समजतात? कर्ज, आगाऊ मजुरी, की मुकादमाशी असलेल्या नात्याची खूण? पैसा बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात येतो, मग ज्या बाईने तो हातात घेतलाच नाही तिच्यावर त्याचं ओझं कसं चढतं? मुकादम त्याच गावचा, त्याच भावकीतला असेल तर उचल बुडवणं म्हणजे काय? एखादं कुटुंब मधेच पळून गेलं तर गावात त्याच्याबद्दल काय बोललं जातं आणि हे बोलणं कोण करतं?

या प्रश्नांना प्रश्नावलीतून उत्तर मिळत नाही. त्यासाठी पावसाळ्यात गावात असावं लागतं, कारण सौदे तेव्हा होतात. दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर निघावं लागतं, कारखान्याच्या गटात कोपीशेजारी (तात्पुरत्या झोपडीशेजारी) राहावं लागतं, पहाटेच्या अंधारात फडात जावं लागतं. वाढ्याचे, म्हणजे चारा म्हणून विकलेल्या उसाच्या शेंड्यांचे, पैसे कोण घेतं आणि त्यातून काय आणलं जातं, हे पाहावं लागतं. मार्च-एप्रिलात परत गावी येऊन हिशेबाच्या वेळी हजर असावं लागतं. मानवशास्त्रात फील्डवर्क वर्षभराचं का असतं, ते इथे कळतं. लोकांचं जगणं ऋतूंवर चालतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन आलेल्याला एका ऋतूतलीच माणसं भेटलेली असतात.

प्रश्न असा धरला की तो ऊसतोडीपुरता राहत नाही. कर्ज म्हणजे काय, बांधिलकी म्हणजे काय, कुटुंब हे आर्थिक एकक कसं बनतं, यावर जगभर झालेल्या लेखनाशी तो बोलू लागतो. चांगल्या प्रबंधाचं लक्षण तेच: बीडच्या फडात उभं राहून तो पेरूच्या किंवा केनियाच्या अभ्यासकालाही काही सांगतो.

प्रश्न घरातही सापडतो. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाची मुलगी करणं चालतं, आवडीचंही मानलं जातं, पण आत्याची मुलगी वर्ज्य. आपण हे लहानपणापासून ऐकतो आणि पुढे जातो. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे त्यावर थांबल्या. उत्तरेत दोन्हीकडचं वर्ज्य, दक्षिणेत अनेक ठिकाणी दोन्हीकडचं चालतं, मग मधल्या पट्ट्यात असं का? भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या त्यांच्या १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्र या मधल्या पट्ट्यात येतो.

इरावतीबाईंची स्वतःची पीएचडीही विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. १९२८ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या. घरातून सासऱ्यांचा, म्हणजे महर्षी कर्व्यांचा, विरोध होता. खर्च कर्जातून झाला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे होते आणि त्यांच्या विचारांचा पुढे नाझींनी उपयोग केला. कवटीच्या दोन बाजूंतला असमानपणा वंशाशी जोडलेला असावा, ही त्यांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, हे लिहिलं. परक्या देशात, कर्ज काढून आलेली पंचविशीच्या आतबाहेरची बाई आपल्या गाइडच्या मताविरुद्धचा निष्कर्ष प्रबंधात मांडते, याचं मोल मोठं आहे. गाइड निवडताना त्यांची कीर्ती जरूर पाहा. पण त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना गाठून दोन गोष्टी विचारा: सर किंवा मॅडम मसुदा वाचून किती दिवसांत परत देतात, आणि तुमचं मत वेगळं निघालं तेव्हा काय झालं?

परदेशी जायचं असेल तर वाटा वेगवेगळ्या आहेत. अमेरिकेत पीएचडीला थेट प्रवेश मिळतो, एमए असलंच पाहिजे असं नाही. पहिली दोनेक वर्षं वर्गातली, मग वाचनाची मोठी परीक्षा आणि संशोधनाच्या आराखड्याचा बचाव, मग वर्षभर किंवा जास्त फील्डवर्क, मग लेखन. सहा-सात वर्षं सहज जातात. प्रवेश मिळाला तर बहुधा फी माफ होते आणि शिकवण्याच्या कामाबद्दल स्टायपेंड मिळतो. त्यासाठी अर्ज साधारण डिसेंबरात करायचा असतो. प्रवेश आल्यास १५ एप्रिलपर्यंत होकार-नकार कळवायचा, असा तिथला प्रघात आहे. २०२५ पासून तिथल्या संशोधन निधीला कात्री लागली आणि काही विभागांनी जागा कमी केल्या, तेव्हा सगळी भिस्त एका देशावर ठेवू नये. ब्रिटनमध्ये पीएचडी तीन-चार वर्षांत संपते, पण परदेशी विद्यार्थ्याची फी मोठी असते आणि शिष्यवृत्तीशिवाय जाणं मी कुणालाही सुचवणार नाही. ऑक्सफर्ड, लंडनचं सोआस आणि रेडिंग या विद्यापीठांसाठी भारतीय विद्यार्थ्यांना फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. जर्मनीत आणि आसपासच्या देशांत पीएचडी अनेकदा पगारी पद म्हणून जाहीर होते. हाले इथे सामाजिक मानवशास्त्राची माक्स प्लांक संस्था १९९९ पासून आहे.

केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी आहे. २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले गेले. मानवशास्त्राला याचा थेट फटका बसतो. ज्यांच्या समाजाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या इतरांनीच लिहिलं, त्यांच्या मुलांनी आपल्या समाजावर परदेशात जाऊन काम करायचं म्हटलं तर हा दरवाजा बंद. मला हे अन्यायाचं वाटतं. अर्ज करण्याआधी त्या वर्षीची नियमावली शब्दन्‌शब्द वाचा.

परदेशी विद्यापीठाच्या अर्जात सगळ्यात वजन असतं ते दोन पानांच्या निवेदनाला. 'मला लहानपणापासून संस्कृतीची आवड आहे' अशी सुरुवात नको. उचलीसारखा एक प्रश्न, तो कुठून आला, त्यावर कोणी काय म्हटलंय, तुम्ही तो कुठे आणि कसा शोधाल, आणि याच विभागात का, एवढं नेमकं लिहा. आणि आपली भाषा ही पात्रता म्हणून लिहा. महाराष्ट्रावर काम करू पाहणारे परदेशी अभ्यासक पुण्यात येऊन मराठी शिकतात. ग्युंथर सोन्थायमर यांच्यासारखा जर्मन अभ्यासक ही भाषा शिकून धनगरांच्या वाड्यांवर पोचला. तुमच्याकडे ती आधीपासून आहे. मात्र मेळघाटात कोरकू आणि भामरागडात माडिया बोलली जाते. कोरकू मुंडा कुळातली, माडिया द्रविड. तिथे मराठी ही सरकारी कचेरीची भाषा ठरते आणि मराठी माणूस परका. तिथे जायचं तर भाषा शिकण्यासाठी आराखड्यात वेगळे महिने ठेवावे लागतात. दुभाष्या घेऊन गेलात, तर त्याच्या चाळणीतून आलेलंच तुम्हाला ऐकू येईल.

फील्डवर मन मोठं लागतं आणि सावधपणाही. तुम्ही कुणाच्या घरी उतरता, कुणाच्या हातचं जेवता, यावर तुमच्याशी कोण बोलणार हे ठरतं. श्रीनिवास ब्राह्मण होते आणि गावच्या प्रमुखाच्या आश्रयाने राहिले. आपलं गाव त्यामुळे वरच्या जातींच्या बाजूने दिसलं, हे त्यांनी स्वतः कबूल केलं आहे. गावात पहिल्या आठवड्यात मिळालेली खोली सोयीची म्हणून पक्की करू नका. एकट्या मुलीने फील्डवर जाताना राहण्याची, परतण्याची आणि अडचणीत कुणाला फोन करायचा याची सोय आधी ठरवावी आणि गाइडने हा विषय स्वतःहून काढावा. फारच कमी गाइड तो काढतात.

नोंदी घ्यायच्या वहीचाही इतिहास आहे. १९०१ च्या जनगणनेच्या काळात हर्बर्ट रिझली यांनी नाकाच्या मापावरून जाती-जमातींची उतरंड लावली. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला तरी पारध्यांसारख्या समाजांच्या मागचा संशय गेला नाही. नोंदी घेणाऱ्या माणसाकडे लोक शंकेने पाहतात, याला असं कारण आहे. विद्यापीठाची नैतिकता समिती लेखी संमती मागते. पण ज्याच्या आजोबांची जमीन कागदावरच्या अंगठ्याने गेली, तो तुमच्या अर्जावर अंगठा का देईल? अशा ठिकाणी तोंडी संमती घेण्याची परवानगी समितीकडून आधीच मागा, कारण देऊन मागितली तर मिळू शकते. माणसांची आणि गावांची नावं बदलणं हा सरधोपट नियम आहे. श्रीनिवासांच्या पुस्तकातलं रामपुरा हेही बदललेलंच नाव.

टिपणं त्याच रात्री लिहायची. दुसऱ्या दिवशी संवाद आठवतो, पण कोण आधी बोललं आणि कोण गप्प बसलं ते पुसलं जातं. पहिले दोन-तीन महिने काहीच हाती लागत नाही असं वाटतं आणि ते सगळ्यांना वाटतं. लोक तुम्हाला पाहुण्यासाठी राखलेली उत्तरं देत असतात. मग एखाद्या दिवशी तुमच्यासमोर भांडण होतं आणि कुणी तुमच्यामुळे आवाज खाली आणत नाही, तिथून काम सुरू होतं. प्रवास आणि मुक्कामाच्या खर्चासाठी न्यूयॉर्कची वेनर-ग्रेन फाउंडेशन २५,००० डॉलरपर्यंत अनुदान देते. कोणत्याही देशात पीएचडी करणाऱ्याला अर्ज करता येतो, भारतीय विद्यापीठातल्यालाही. आपल्याकडचे विद्यार्थी तिकडे फारसे वळत नाहीत, त्यांनी वळावं.

नंतर लिखाण. त्याला दीड-दोन वर्षं धरा.

आणि नोकरी? प्राध्यापकांच्या कायम जागा थोड्या आहेत, भरती रेंगाळते आणि तासिका तत्त्वावर वर्षं जातात. हे प्रवेश घेण्याआधी घरच्यांना स्पष्ट सांगावं. कोलकात्याला मुख्यालय असलेल्या, १९४५ साली स्थापन झालेल्या अँथ्रोपोलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पदं निघतात. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, संग्रहालयं, सार्वजनिक आरोग्याचे प्रकल्प, वापरकर्त्यांचा अभ्यास करणाऱ्या कंपन्या इथेही माणसं लागतात. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. असे दावे तयार करताना गावाच्या वापरातलं जंगल, वाटा, देवस्थानं यांची नोंद लोकांबरोबर बसून करावी लागते आणि मानवशास्त्र शिकलेला माणूस तिथे खरोखर उपयोगी पडतो. यातल्या बऱ्याच कामांना एमए पुरतं. पीएचडी तेव्हाच करा जेव्हा फेलोशिप हातात आहे आणि प्रश्न असा आहे की तो पाच वर्षं तुम्हाला पुरेल. दोन्हींपैकी एक नसेल तर एमएनंतर दोन वर्षं एखाद्या प्रकल्पावर काम करा, एखाद्या तालुक्यात राहा. प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सापडतो, आणि जेआरएफच्या वयोमर्यादेला तेव्हा बहुधा अजून अवकाश असतो.